गिरजाघराची उत्तरेकडची भिंत

भंडाऱ्याच्या जुन्या गिरजाघराला पंच्याहत्तर वर्षं पुरी होणार होती, ते साल ऐंशीचं. मंडळीनं ठरवलं, की यंदा डिसेंबरात सोहळा थाटात करायचा. भिंतींना चुना लावायचा, छपराची कौलं फेरायची, नागपूरचे पाहुणे बोलवायचे आणि गिरजाघराचा इतिहास कुणीतरी उभं राहून नीट सांगायचा. हे शेवटचं काम आपसूकच लीलाबाईंच्या गळ्यात पडलं.

लीलाबाई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. पन्नाशीला टेकल्या होत्या. नवरा ऐन उमेदीत गेला, मूलबाळ झालं नाही. गिरजाघराच्या मागच्या गल्लीत, जिथं जन्मल्या त्याच घरात त्या एकट्या राहत. त्यांना वाढवलं होतं आईच्या आईनं, रूथबाईनं. ही आजी म्हणजे 'दुष्काळातली पोर'. शतक उलटायच्या वेळेला या मुलखात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मिशनच्या लोकांनी रस्त्यावरच्या, बाजारातल्या पोरी उचलून आणल्या, जगवल्या, त्यांना नावं दिली. गल्लीतली निम्मी घरं त्या पोरींचीच होती. आजी म्हणायची, "मले ना माय, ना बाप. सारे मेले. देवानं उचललं म्हनून राह्यली." यापलीकडे तिला काही आठवत नसे. आठवायला सांगितलं, की ती दळायला बसायची.

त्यामुळे इतिहास सांगायला लीलाबाईंना फार शोधाशोध करायची नव्हती. भाषण त्यांच्या मनात तयारच होतं. मिशनचे मोठे साहेब आले, त्यांनी नकाशा काढला, साकोलीकडच्या जंगलातून बैलगाड्यांनी सागवान आलं, काळा दगड आसपासच्याच खाणीतला, विटा इथंच भाजल्या. बाहेरून बघावं तर टोकदार कमानी आणि बसका चौकोनी मनोरा, आत शिरावं तर डोक्यावर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या एखाद्या उलट्या ठेवलेल्या डोंग्यासारख्या. मे महिन्यातसुद्धा आत गारवा. दुपारी पश्चिमेच्या रंगीत काचांतून ऊन आलं, की फरशीवर निळे-तांबडे तुकडे पडत, आणि लहानपणी लीलाबाई त्यावर पाय ठेवून चालत.

एक गोष्ट मात्र त्यांना कधी उमगली नव्हती. गिरजाघराचं जोतं उभं नव्हतं. खाली पसरट आणि वर निमुळतं होत गेलेलं, दगड एकावर एक मागं सारत रचलेले. गल्लीतल्या साऱ्या पोरांची ती घसरगुंडी होती. लीलाबाईंना वाटे, असेल काहीतरी विलायती तऱ्हा.

शाळेत एकदा डबा खाता खाता त्यांनी हे सगळं शकुनबाईंना सांगितलं. शकुनबाई म्हणजे त्यांच्या जोडीच्या शिक्षिका, माहेर कोंढ्याचं. त्या म्हणाल्या, "तुमचं गिरजाघर तं आमच्या गावच्या मानसानं बांधलं म्हनतात. डोमाजी आहेत ना आमच्याकडचे, त्यांचा बाप. पन ते काही बोलत नाहीत त्याच्याबद्दल."

"काहून?"

"कोनाले मालूम. तुमी जाऊन विचारा."

लीलाबाईंना आनंदच झाला. भाषणात एका गवंड्याचं नाव घेता येईल, जमल्यास म्हाताऱ्याला शाल घालता येईल. पुढच्या रविवारी उपासना आटोपताच त्यांनी पवनीची एसटी धरली. अड्याळपर्यंत गाडी बाजाराच्या माणसांनी खचाखच भरलेली, पुढं रिकामी. दोहो बाजूंना धान निसवून लोंब्यांवर आलं होतं. कोंढ्याला उतरून त्यांनी डोमाजींचं घर विचारलं.

डोमाजी पंचाहत्तरीच्या आतबाहेरचे. ओसरीवर दोर वळत बसले होते. कोहळी घर. तलाव बांधणं आणि तलावाच्या पाण्यावर धान पिकवणं हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. सून सीताबाई, तिनं पाणी आणून दिलं. लीलाबाईंनी आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं. म्हाताऱ्याचे हात दोरावर थांबले.

"तुमी पाद्रीन आहा काय?"

"नाही जी. शाळेत शिकवते. पण गिरजाघर आमचंच आहे."

"माझ्या बापानं बांधलं, हे खरं आहे," डोमाजी म्हणाले. "पन त्याचं काय करता आता?"

"लोकांना सांगीन. सोहळ्याला तुम्हाला बोलवीन. मान देऊ आम्ही तुम्हाला."

"मान!" म्हातारा हसला, पण ते हसू काही गोड नव्हतं. "माझा बाप त्या गिरजाघरावरून हयातीत पुन्हा गेला नाही, बाई. भंडाऱ्याले जायाचं काम पडलं तं दुसऱ्याले पाठवे. तुमी मान कोनाले देता?" आणि त्यांनी पुन्हा दोर वळायला घेतला.  सीताबाईनं वेशीपर्यंत सोबत केली, दोन काकड्या हातात दिल्या आणि म्हणाली, "राग नका मानू जी. मामंजींचं असंच आहे."

परतीच्या गाडीत लीलाबाई खिडकीशी बसून होत्या. राग आला नव्हता, पण काहीतरी बोचत होतं. एखादा माणूस स्वतः बांधलेली वास्तू आयुष्यभर टाळतो, ते कशासाठी? पैसे बुडवले असतील? कुणी मारलं असेल? त्यांनी लहानपणापासून ज्या भिंतीकडं पाहून हात जोडले, त्या भिंतीकडं कुणी पाठ फिरवून मेलं होतं. भाषण तयार आहे असं त्यांना आता म्हणवेना.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं. एका दुपारी शाळेतून येताना लीलाबाईंना गिरजाघराच्या आवारात धोतर, बंडी, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक म्हातारा दिसला. तो उत्तरेकडच्या भिंतीशी उभा होता आणि जोत्याच्या दगडांवरून हात फिरवत होता. डोमाजी होते. डोळे दाखवायला सरकारी दवाखान्यात आले होते. सीताबाई झाडाखाली पिशवी घेऊन बसली होती.

"डाक्टर म्हने, मोतीबिंदू आहे," डोमाजी म्हणाले. जणू मागची भेट झालीच नव्हती. "म्हनलं, दिसून राह्यलं तवरक एकदा पाहून घ्यावं."

लीलाबाई नुसत्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"ही पाळ आहे," ते म्हणाले. "तलावाची पाळ, बांध. पानी आतून रेटते ना, तं पाळ अशी पायाले पसरट लागते. इथली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. साहेबानं नकाशात सरळ जोतं काढलं होतं म्हने. बाप म्हने, सरळ ठेवसान तं दोन पावसात तडकंल. आमी जमिनीचा रेटा वळखतो, तुमी कमानी वळखता. साहेब भला मानूस होता, आयकलं त्यानं."

लीलाबाईंनी त्या उतरत्या दगडांकडं पाहिलं. इतकी वर्षं ज्याला विलायती समजल्या, ते कोंढ्याचं होतं. "तुमच्या वडिलांचं नाव?"

"इश्वर." दगडावरचा हात काढून ते म्हणाले, "आत याले चालते काय?"

"चालतं की. या."

डोमाजींनी वहाणा दाराशी काढल्या. आत कुणी नव्हतं. वर कैच्यांकडं बघत ते मधल्या वाटेनं हळूहळू चालले आणि मग शेवटच्या बाकावर बसले. सीताबाई दारातच उंबऱ्याशी टेकली. आतल्या गारव्यात म्हाताऱ्याचा आवाज खाली आला.

"दुष्काळात बाप, माय अन् त्यांची पोरगी असे भंडाऱ्याले आले. मी तवा झालो नव्हतो. रस्त्यावर गिट्टी फोडाचं काम भेटे. माय तापानं पडली. पोरगी पार वाळून गेली. बायजा नाव. तवा बापानं तिले मिशनच्या आंगनात नेऊन बसवलं. पानी पडंल, धान होईल, मंग घेऊन जाईन, असं मनात धरून बसवलं."

"मग? पाऊस पडला नाही?"

"पडला ना जी. बाप न्याले निंगाला, तं गावात पंच बसले. पोरगी मिशनवाल्याच्या हातचं जेवली, म्हने. ते आता आपली नाही. आनसान तं तुमी सारे बाहेर. घरात म्हातारे मायबाप. बापाच्या बहिनीचं लगन कराचं होतं. बाप बसला चूप. साल-दोन साल चूप बसला. मंग कोनी सांगतलं, का मिशनवाले मोठं गिरजाघर बांधून राह्यले, दगडाचे मानसं पायजेत. बाप म्हने, मी जातो."

लीलाबाईंनी मान वळवून उत्तरेकडच्या भिंतीकडं पाहिलं.

"त्या भितीच्या तिकडं पोरींचं आंगन होतं ना?" डोमाजींनी उत्तरेकडं बोट केलं.

होतं. बोर्डिंगची जुनी इमारत पडून गेली, तरी ते अंगण अजून होतं. आजी तिथंच लहानाची मोठी झाली होती.

"बाकीच्या भिती दुसऱ्यांनी घातल्या. हे भित बापानं कोनाले करू देल्ली नाही. परांचीवर चढला का आंगन दिसे. पोरी खेळत, झाडत, रांगेनं जेवाले बसत. त्यात बायजा दिसे. भित जशी वर जाये, तसं त्याले आनखी चांगलं दिसे."

"तिनं ओळखलं नाही त्यांना?"

"लहान होती. अन् भुकेनं मानसाच्या ध्यानात काय राह्यते? एकडाव कामावरच्या मानसांले पानी पाजाले पोरी आल्या. ते बापाच्याच पुढं आली. 'बाबाजी, पानी घ्या' म्हने. संग गावचे मानसं होते, त्यांनी तोंड फिरवलं. बाप प्याला. गावात कोनाले सांगू नका म्हने त्यांले, पन प्याला."

"हाक का नाही मारली हो तिला?" लीलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "नावानं एक हाक!"

डोमाजींनी त्यांच्याकडं वळून पाहिलं. "मारली असती अन् ते आली असती, तं कुठं नेली असती?"

 बाहेर झाडावर भोरड्या कलकलत होत्या.

"मनोरा झाला. परांची सोडली. तिले पाहाले काही जागा राह्यली नाही. बाप गावाले आला. मी मंग झालो. बहीन मिशनात गेली हे साऱ्यांले ठाऊक होतं, पन हे भितीचं त्यानं मले मरतानी सांगतलं, तवरक मायले सोडून कोनाले ठाऊक नव्हतं. मले तं बाई, लहानपनापासून या गिरजाघराचा राग. माझ्या बहिनीले खाल्लं त्यानं, असं वाटे. तुमी आल्या तवाबी तसंच वाटलं."

लीलाबाई त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "डोमाजी, माझी आजी त्याच पोरींमधली. रूथ नाव तिला मिशननं दिलं. आधीचं तिला आठवत नव्हतं. आईबाप मेले, असं ती मरेपर्यंत समजत होती."

म्हाताऱ्यानं मान पुढं काढून त्यांचा चेहरा निरखला. मोतीबिंदूच्या डोळ्यांना किती दिसलं कोण जाणे. "गोंदलेलं होतं काय? बाप म्हने, हनुवटीवर टिकली होती. मायनंच गोंदवून घेतली होती."

होती. आजीच्या हनुवटीवर हिरवी टिकली होती, लीलाबाई लहानपणी तिच्या मांडीवर पडून त्यावर बोट ठेवायच्या. 'होती' एवढंच म्हणावं आणि थांबावं, असं त्यांना अनावर वाटलं. आजीला बाप होता. परांचीवर चढून रोज बघणारा बाप होता. एका शब्दानं तिला तो मिळत होता, मेल्यानंतर का होईना.

"होती," त्या म्हणाल्या. आणि मग खोटं त्यांना जमेना. "पण डोमाजी, आमच्या गल्लीतल्या साऱ्याच म्हाताऱ्यांना तशी टिकली होती. त्या काळच्या पोरी सगळ्या गोंदलेल्याच."

"व्हय. आमच्याकडंबी साऱ्यांले राह्यते." ते परत बाकाला टेकले. त्यांना वाईट वाटलं की नाही, कळलं नाही. मग म्हणाले, "तुमची आजी नसंल, तं दुसऱ्या कोनाची तरी आजी असंल. जगली ना ते. घरदार झालं, लेकरं झाले. बापाले तं हेबी ठाऊक नव्हतं."

सीताबाईनं पदर डोळ्यांना लावला होता. गाडीची वेळ झाली म्हणून तीच उठली.

त्या आठवड्यात लीलाबाई पाळकसाहेबांकडं गेल्या. पाळक कृष्णराव म्हणजे जुने, सरळ गृहस्थ. मंडळीची चार माणसं दुखावली तर आठ दिवस न झोपणारे. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"हे तुम्ही भर सभेत सांगणार? नागपूरचे पाहुणे, कलेक्टर कचेरीतले लोक. बाई, बाहेर काय म्हणतील? मिशनवाल्यांनी लोकांच्या पोरी ठेवून घेतल्या, असंच ना? आधीच आपल्याबद्दल काय काय बोललं जातं."

"ठेवून घेतल्या नाहीत. बापानं स्वतः बसवली, गावानं परत घेतली नाही. मी तसंच सांगीन."

"आणि साहेबांनी पोरी जगवल्या, ते?"

"तेही सांगीन. ते खरंच आहे. मी त्यामुळंच आहे, पाळकसाहेब. पण आपण दरवर्षी एवढंच सांगतो, की त्या अनाथ होत्या. साऱ्या नव्हत्या."

कृष्णराव उठून खिडकीशी गेले. त्यांची स्वतःची आईसुद्धा बोर्डिंगातलीच, हे लीलाबाई विसरल्या होत्या. ते पाठमोरेच म्हणाले, "माझी माय संक्रांतीला कारण नसताना रडायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, तिळाचा वास येतो." मग वळले. "सांगा. फक्त थोडं जपून सांगा."

सोहळ्याच्या दिवशी गिरजाघर गच्च भरलं. चुन्याचा वास अजून ओला होता. लीलाबाई उभ्या राहिल्या आणि शाळेत सांगतात तसं साध्या आवाजात त्यांनी सांगितलं. साहेबांचं सांगितलं, सागवानाचं सांगितलं, कमानींचं सांगितलं. मग जोत्याचं आणि उत्तरेकडच्या भिंतीचं सांगितलं. कोंढ्याच्या इश्वरचं नाव घेतलं. शेवटच्या बाकावर डोमाजी सुनेला घेऊन बसले होते, नवी टोपी घालून, मान खाली घालून. पाहुण्यांपैकी एकदोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बाकी कुणी हललं नाही. लीलाबाई खाली बसल्या तरी टाळी पडेना, तेव्हा कृष्णरावांनीच घाईघाईनं गीत सुरू केलं.

पण उपासना सुटल्यावर जे झालं, ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गल्लीतल्या पिकल्या केसांच्या बाया, दुष्काळाच्या पोरींच्या लेकी, एकेक करून डोमाजींभोवती जमल्या. एक म्हणे, माझी माय तलाव म्हटलं की घाबरायची, ती तुमची असंल का? दुसरी म्हणे, माझ्या मायले भाताची पेज फार आवडे. तिसरीला काही सांगायलाच नव्हतं, ती नुसती रडत होती. सगळ्यांत थोरली कुंताबाई, मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स, करारी बाई. तिनं साऱ्यांना बाजूला सारलं आणि म्हणाली, "कोनाची का असेना. माझ्या मायचा भाऊ कधी या दारात आला नाही. लगनात मामा म्हनून उभा राहाले कोनी नव्हतं मले. मी यांले मामा म्हनीन."

डोमाजी गडबडले. वयानं कुंताबाई त्यांच्याहून फार लहान नव्हती. पण आमच्या झाडीपट्टीत भाची म्हटली, की मामानं तिच्या पाया पडायचं असतं. म्हातारा काठी टेकत वाकला आणि त्यानं कुंताबाईच्या पायांना हात लावला. तिनं पाय मागं घेतले, पण उशीर झाला होता. मग त्यांनी दुसरीच्या पायांना हात लावला, मग तिसरीच्या. लीलाबाईंपर्यंत आले, तेव्हा त्यांना दम लागला होता.

"बापा रे," ते म्हणाले, "एका बहिनीच्या मांगं एवढ्या भाच्या!" आणि हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी आलं.

इश्वरच्या नावाचा दगड बसवावा, असा ठराव लीलाबाईंनी मंडळीपुढं ठेवला होता. त्यावर दोन बैठका झाल्या. एकाचं नाव घातलं तर बाकीच्यांचं का नाही, असा प्रश्न निघाला, बाकीच्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती, आणि तो दगड काही बसला नाही. पण कोंढ्याचा रस्ता मात्र रुळला. नवं धान निघालं की डोमाजी पायलीभर तांदूळ पाठवत, आणि गल्लीत कुणाचं लग्न निघालं की पहिलं बोलावणं कोंढ्याला जाई. एका डोळ्याचं ऑपरेशन कुंताबाईनं पुढं होऊन करवून घेतलं. गावात सुरुवातीला कुरबुर झाली, म्हातारा मिशनवाल्यांकडं जेवतो म्हणून. डोमाजींनी पाटलाच्या ओसरीवर सांगून टाकलं, "माझ्या बापानं तुमचं आयकलं. मी नाही आयकत." आता पंच बसवायचे दिवस राहिले नव्हते. दोन घरांनी काही काळ येणं-जाणं तोडलं, एवढंच.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात डोमाजी गेले. शकुनबाईंच्या भावानं सकाळीच निरोप आणला. लीलाबाई, कुंताबाई आणि गल्लीतल्या आणखी काही बाया मिळेल त्या गाडीनं कोंढ्याला पोचल्या, तोवर अंगणात माणसं जमली होती. पांढऱ्या लुगड्यातल्या, पायांत चामड्याच्या चपला घातलेल्या या अनोळखी बायकांना पाहून गावच्या बाया कुजबुजल्या. एकीनं सीताबाईला विचारलं, "ह्या कोन जी?"

सीताबाईनं रडून सुजलेले डोळे वर केले. मग उठून तिनं घरच्या बायांच्या रांगेत जागा करून दिली, लीलाबाईंचा हात धरून त्यांना आपल्याजवळ बसवलं, आणि म्हणाली,

"मामंजींच्या भाच्या आहेत. भंडाऱ्याच्या."